एकाच किल्लीचे टिपण

त्या मेलिंग लिस्टवर मी जवळजवळ दोन वर्षे पुरुष होते. मी तसे कधी म्हटले नव्हते आणि मला कोणी विचारलेही नव्हते. विद्यापीठाच्या संगणकावर खाते उघडले की नावाचे पहिले अक्षर आणि आडनाव एवढेच पुढे राही. उरलेले लोकांनी आपापल्या मनाने भरले. आडनाव 'कर'ने संपणारे, त्यामुळे क्रिकेटवरून एक विनोद झाला, आणि मी 'भाईसाहब' ठरले.

लिस्ट म्हणजे चंडीगढ आणि आसपासच्या संगणकवेड्या लोकांचा एक टपालगट. एकाने लिहिलेली ईमेल सगळ्यांना पोहोचे, आणि ज्याला मतभेद असेल तो तिच्यातले एकेक वाक्य उचलून त्याखाली आपले खंडन लिही. मग त्या खंडनाखाली तिसऱ्याचे खंडन. इंजिनियर होते, कॉलेजांतले प्राध्यापक होते, चंडीमंदिरच्या छावणीतले एक-दोन अधिकारी होते, पिंजौरहून रोज बसने नोकरीला येणारा एक प्रोग्रॅमर होता. वादाला विषय कमी पडत नसत. सरकारी कचेऱ्यांनी विकतची संगणकप्रणाली घ्यावी की सर्वांना खुली अशी मुक्त, पोलिसांनी कोणाचे फोन ऐकावेत, अणुचाचण्यांनंतर परदेशातून यायची बंद झालेली यंत्रसामग्री देशात बनवता येईल का. कारगिलनंतर तर प्रत्येक तांत्रिक प्रश्न चौथ्या-पाचव्या उत्तराला देशभक्तीवर येऊन थांबे.

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून एका मुलींच्या कॉलेजात हंगामी शिकवत होते. वडील इथल्या वैद्यकीय संस्थेत संशोधक, म्हणून आम्ही माझ्या शाळेपासून या शहरात. विभागातला संगणक वापरायची परवानगी माझ्या जुन्या मार्गदर्शकांनी तशीच चालू ठेवली होती. दुपारी तास संपले की मी सायकलने विद्यापीठात जाई आणि भांडायला बसे.

माझे मुख्य भांडण असे ते कर्नलसाहेबांशी. लष्कराच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दलातून निवृत्त होऊन ते पंचकुल्यात स्थायिक झाले होते, आणि लिस्टवर त्यांचा शब्द वजनाचा होता. त्यांचे म्हणणे असे की नागरिकांनी गुप्तलेखन खुशाल वापरावे, पण ते उलगडणारी आपली किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, प्रत्येकाने सरकारजमा करावी. मी लिहिले, सगळ्या किल्ल्या एका कपाटात ठेवल्या की शत्रूचे कष्ट कमी होतात, कारण त्याला एकच कपाट फोडावे लागते. त्यांनी लिहिले, कपाटावर पहारा असतो. मी लिहिले, पहारेकऱ्याची बदली होते आणि किल्लीची नक्कल होते. त्यावर त्यांचे उत्तर आले, "जनाब, आप लड़ते अच्छा हो." पिंजौरवाल्याने खाली जोडले, "कर्नलसाहब क्लीन बोल्ड. भाईसाहब, आज की चाय मेरी तरफ़ से."

मला त्या जागेविषयी प्रेम होते, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. तिथे विधान तपासले जाते, बोलणारा नाही, अशी माझी समजूत होती. कॉलेजात मी बोलू लागले की विभागप्रमुख घड्याळ पाहत. लिस्टवर मी लांबलचक लिहिले तरी लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, कारण शेवटच्या ओळीत चूक सापडली तर ती त्यांना हवी असे. माझ्या दृष्टीने आदराचा याहून शुद्ध प्रकार नव्हता.

मग ती कार्डे आली. चंडीगढ ज्या दोन राज्यांची राजधानी आहे त्यांपैकी एकाच्या एका खात्याने जाहीर केले की नागरिकांना चिप बसवलेले कार्ड मिळेल आणि रेशन, परवाना, पेन्शन सगळे त्यावर चालेल. त्या योजनेवर काम करणारा एक सरकारी इंजिनियर आमच्या लिस्टवर होता. त्याने अभिमानाने तपशील लिहिला, आणि तो तपशील वाचताना माझ्या लक्षात आले की सगळ्या कार्डांची आतली किल्ली एकच आहे. या शहरात ते समजावणे सोपे होते. एकाच नमुन्याची सरकारी घरे इथे सेक्टरामागून सेक्टर उभी आहेत. मी लिहिले, समजा त्या सगळ्या घरांना एकाच किल्लीचे कुलूप आहे. चोराला एक भाड्याचे घर मिळाले की पुरे. आपल्याच दाराचे कुलूप खोलून तो किल्ली घडवील आणि मग सारे शहर त्याचे. आणि घरांचे कुलूप निदान बदलता येते. कार्ड एकदा लोकांच्या खिशात गेले की आतली किल्ली बदलायला प्रत्येक कार्ड परत मागवावे लागेल.

इंजिनियर नेटाने लढला. ओळीओळीला उत्तर, ओळीओळीला प्रत्युत्तर. मी आकडेमोड करून दाखवली, प्रत्येक कार्डाच्या क्रमांकातून वेगळी किल्ली कशी तयार करता येते हेही दाखवले. अखेरीस त्याने एकच शब्द लिहिला: "मान्य." त्यापुढे आणखी लिहिले की आराखडा अजून पक्का व्हायचा आहे, तुमच्या गटाने लेखी टिपण दिले तर सचिवालयात ऐकले जाईल. लिस्टवर जल्लोष झाला. टिपण कोणी लिहायचे हा प्रश्नच नव्हता. मी लिहिले.

ते माझ्यासाठी किती महत्त्वाचे होते, ते फक्त घरी ठाऊक होते. दक्षिणेतल्या एका संशोधनसंस्थेत मी आदल्या उन्हाळ्यात मुलाखत देऊन आले होते. तिथल्या प्राध्यापकांनी सांगितले होते की गुण चांगले आहेत, पण स्वतंत्रपणे केलेले आणि कोणी तरी वापरलेले असे एक काम दाखवा, आणि पुढच्या वर्षी या. हे टिपण म्हणजे ते काम होते. त्यावर माझे नाव हवे होते, आणि सचिवालयात ते मांडायला मी हवी होते.

"नाव पहिलं घाल," वडील म्हणाले. "आमच्याकडे पेपरवर नाव कितवं आलं यावरून माणसं एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जात नाहीत."

"बाबा, तुमची ती लॅब. इथे तसलं काही नसतं."

"असं?" म्हणून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

टिपण पाठवण्याआधी कर्नलसाहेबांनी एक रास्त सूचना केली. टिपणावर सर्वांनी आपापला डिजिटल शिक्का उमटवावा. पण त्याआधी शिक्के खरे आहेत का, ते एकमेकांनी तपासावे. आमच्यासारख्या लोकांत हा एक विधीच असतो. सगळे प्रत्यक्ष जमतात, दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, समोरच्याचे ओळखपत्र पाहतात, त्याच्या शिक्क्याचा लांबलचक क्रमांक अक्षर-अक्षर मोठ्याने वाचून ताडून घेतात, आणि घरी जाऊन 'हा माणूस तोच आहे' असे प्रमाणपत्र आपल्या शिक्क्याने देतात. एका रविवारी सकाळी एका कॉलेजच्या हॉलमध्ये हे ठरले.

दारात पिंजौरवाला स्वागताला उभा होता. त्याने मला अदबीने थांबवले. "मॅडम जी, फंक्शन ऊपर वाले हॉल में है. यहाँ कंप्यूटर वालों की मीटिंग है."

मी माझे ईमेलचे नाव सांगितले.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग वळून आत ओरडला, "ओए, भाईसाहब आ गए! भाईसाहब तो बहनजी निकले!"

हशा झाला. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मी आजही मान्य करते. कर्नलसाहेब पुढे आले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. "यू आर दॅट फेलो?" ते म्हणाले. "अरे बेटा, पहले बताना था. मैं तो तुमसे ऐसे लड़ता रहा जैसे..." आणि ते वाक्य त्यांनी सोडून दिले.

मग आम्ही रांगेत उभे राहिलो. माझे ओळखपत्र त्या दिवशी सर्वाधिक तपासले गेले. कोणी फोटो उजेडाकडे धरला, कोणी जन्मतारीख वाचून "इतनी छोटी?" म्हणाले. कर्नलसाहेबांनी तर फोटोत चष्मा का नाही असेही विचारले. प्रत्येकाने माझा क्रमांक मोठ्याने वाचला, ताडला, खूण केली. मी मीच आहे, हे इतक्या काटेकोरपणे त्यापूर्वी किंवा त्यानंतर कोणीही पडताळून पाहिलेले नाही.

फरक पडायला आठवडाही लागला नाही. माझ्या ईमेलखाली खंडने येणे थांबले. त्याऐवजी "बिटिया ने अच्छा पॉइंट उठाया है" असे लिहून कोणी तरी तोच मुद्दा आपल्या शब्दांत मांडे, आणि पुढचा वाद त्याच्याशी होई. मी एकदा मुद्दाम एका समीकरणात चूक ठेवली. कोणी दाखवली नाही. कर्नलसाहेब आता माझ्याशी असहमत होत नसत; ते मला समजून घेत. विधान तपासणाऱ्या माणसांनी मला शिक्कामोर्तब करून तपासण्याच्या कक्षेबाहेर काढले होते.

सचिवालयात जायला तिघांची नावे ठरली. त्यांत मी नव्हते. मी फोन केला. आमचे बोलणे हिंदीत झाले, मी ते मराठीत लिहिते.

"बेटा, तिथे तासन्‌तास बाकावर बसवतात," कर्नलसाहेब म्हणाले. "तू कुठे तिथे."

"मी बसेन, सर."

"तिथे वजन लागतं. दर्जा पाहतात ते लोक. तुझा मुद्दा तो माझा मुद्दा. पक्का."

"मग निदान टिपणावर माझं नाव असू द्या."

यावर लिस्टवर तत्त्वचर्चा झाली. आमचा गट मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांचा. ज्ञानावर कोणाची मालकी नसते, हे आमचे आद्य सूत्र. मीच ते अनेकदा ठासून मांडले होते. त्या सूत्रानुसार टिपण सामूहिक ठरले, कोणाचेच नाव नको असे ठरले. फक्त सरकारी पत्राला सही लागतेच, म्हणून खाली कर्नलसाहेबांचे नाव, हुद्दा आणि कंसात 'निवृत्त' आले. मी हरकत घेतली. पिंजौरवाल्याने समजूत घातली, "मॅडम जी, नाम में क्या लड़ना, काम देखो." काम मी पाहिलेच होते. ते मी केले होते.

तिघे जाऊन आले. कर्नलसाहेबांनी विजयाची ईमेल टाकली: टिपणाचे स्वागत झाले, तज्ज्ञ म्हणून गटाची नोंद झाली, पहिल्या टप्प्यापुरती एकच किल्ली ठेवून पुढे सुधारणा करण्याचे ठरले. अभिनंदनांची रांग लागली. मी ते वाक्य पुन्हा वाचले आणि पंचकुल्याची बस पकडली.

त्यांनी स्वतः दार उघडले. बागेत खुर्च्या मांडल्या. मी बसले नाही.

"पहिल्या टप्प्यात एकच किल्ली, हे तुम्ही मान्य केलंत?"

"त्यांनी विचारलं, वेगळ्या किल्ल्यांनी उशीर होईल का? मी म्हटलं, होईल. खोटं कसं बोलू? मग म्हणाले, नंतर बदलता येईल का? मी म्हटलं, सॉफ्टवेअर आहे, सगळं बदलता येतं."

"चिप लोकांच्या हातात गेल्यावर नाही बदलता येत. टिपणात लिहिलंय."

"कुठे?"

त्यांनी खरोखरच आतून प्रत आणली, चष्मा लावला आणि मी दाखवलेला परिच्छेद वाचला. त्यांचे ओठ हलत होते. ते पहिल्यांदाच वाचत होते, हे त्यांनी लपवलेही नाही.

"हे फार बारीक आहे, बेटा."

"बारीक नाही, सर. टिपण एवढंच आहे. बाकी सगळी त्याची प्रस्तावना."

"फौजेत कधी कधी एखादी चौकी सोडावी लागते. मोर्चा राखायला."

"चौकी नाही सोडलीत. तुम्ही तह करून आलात."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तमीज़ से," ते म्हणाले, मग लगेच स्वर मऊ करून, "टीममध्ये काम करायला शिकावं लागतं. तू हुशार आहेस. चहा घे."

"मग त्यांना एक पत्र लिहा. चूक झाली म्हणून."

"माझ्या सहीचं काही तरी मोल आहे, बेटा. आज एक लिहायचं, उद्या दुसरं, असं नसतं."

मी चहा घेतला नाही. विद्यापीठात परत येऊन मी एक गोष्ट केली: कर्नलसाहेबांच्या शिक्क्याला दिलेले माझे प्रमाणपत्र जाहीरपणे मागे घेतले. कारण म्हणून लिहिले की ज्याने न वाचता सही केली त्याच्या सहीची मी हमी देऊ शकत नाही, आणि त्याखाली एकाच किल्लीचा धोका पुन्हा मांडला.

असा वाद त्या लिस्टने पूर्वी पाहिला नव्हता. जे लोक महिनोन्‌महिने गप्प होते तेही लिहू लागले. प्रमाणपत्राचा अर्थ फक्त 'हा माणूस तोच आहे' इतकाच असतो, तो प्रामाणिक आहे किंवा त्याने काही वाचले आहे असा होत नाही; म्हणून ते मागे घेणे नियमबाह्य आहे. यावर कलमवार विवेचने झाली. परदेशी गटांतले दाखले दिले गेले. कोणी सुचवले की मागे घेतलेले प्रमाणपत्र मागे घेता येते का, हे तपासावे. एकाने लिहिले की भावनेच्या भरात तंत्रज्ञानाशी खेळू नये. तांत्रिकदृष्ट्या ते सगळे बरोबर होते. नव्या सभासदांना हा नियम मीच समजावून सांगत असे. त्यांचे लक्ष वेधायला माझ्यापाशी त्यांच्याच भाषेतली दुसरी कोणतीही हालचाल उरली नव्हती. लक्ष वेधले गेले. पण त्या सबंध गदारोळात किल्लीविषयी एकही ओळ कोणी लिहिली नाही.

सरकारी इंजिनियर मात्र पूर्ण गप्प होता. एका सकाळी त्याचा कॉलेजात फोन आला. "मॅडम, मैं लिस्ट पे कुछ नहीं लिख सकता, नौकरी है. पर आपका पास बनवा दूँगा. साहब से ख़ुद मिल लो."

म्हणून मी गेले. सेक्टर एकमधल्या सचिवालयाच्या त्या लांबच लांब इमारतीत, जिन्याऐवजी बांधलेल्या उतरत्या वाटेवरून वर चढत, फायली काखेत धरून उतरणाऱ्या कारकुनांना वाट देत. बाकावर खरोखर पुष्कळ वेळ बसवले. आत बोलावले तेव्हा मी वाद घालायच्या तयारीत होते, आणि त्याची गरज पडली नाही. योजना ज्यांच्या हातात होती ते अधिकारी शांतपणे ऐकत होते. समोरच्या कागदावर त्यांनी दोन चौकोन काढले, दोन्हींत एकच खूण केली, मग दुसऱ्यातली खोडून तिथे वेगळी केली.

"म्हणजे पहिलं कार्ड फुटलं तर पहिलंच फुटतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि आत्ता जे ठरलंय त्यात सगळी."

"सगळी. आणि परत मागवल्याशिवाय दुरुस्त करता येत नाहीत."

"मग हे त्या दिवशी कोणी का नाही सांगितलं?"

"ज्याला सांगता आलं असतं त्याला आणलं नव्हतं."

त्यांनी फाईल मागवली, पाने उलटली. "हे तुमच्या गटाचं टिपण. हे बैठकीचं इतिवृत्त: पहिल्या टप्प्यात एक किल्ली चालेल, असं तज्ज्ञांचं मत. तुमचं नाव कुठे आहे?"

"टिपण मी लिहिलंय."

"मला पटतं. पाच मिनिटांत कळलं मला ते." त्यांनी फाईलवर तळहात ठेवला. "पण हिला पटवायचं कसं? तुमचं नाव इथे कुठेही असतं ना, अगदी शेवटीसुद्धा, तर मी टिपणाच्या लेखिकेचं वेगळं मत म्हणून तुम्हाला रीतसर बोलावलं असतं. आता मी लिहू काय? तज्ज्ञांनी मान्य केलं आणि एक बाई येऊन नाही म्हणाल्या?"

"गटाकडून दुरुस्तीचं पत्र आणलं तर?"

"सही करणाऱ्याचं आणा. आजच आणा, उद्या आराखडा वर जातो."

ज्यांनी सही केली होती ते पत्र देणार नाहीत, हे मला पंचकुल्यातच कळले होते. अधिकाऱ्यांनी ते ओळखले असावे. फाईल बाजूला सारून ते सहज, खऱ्या कौतुकाने म्हणाले, "तुम्ही समजावता फार छान. माझ्या मुलीचं बारावीचं फिजिक्स कच्चं आहे. चौतीस सेक्टरच्या कोचिंगमध्ये दीडशे पोरांत तिला काही उमजत नाही. घरी येऊन शिकवाल का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांना राग आला नाही. त्यांनी माझा पास मागून घेतला. बाहेर पडताना त्यावर अधिकाऱ्याची सही लागते, नाही तर पहारेकरी सोडत नाही. त्यांनी सही केली, वेळ घातली. त्या पासावर माझे पूर्ण नाव होते. माझे, वडिलांचे, मग आडनाव, इंजिनियरने सुवाच्य अक्षरांत भरलेले. खालच्या फाटकात पहारेकऱ्याने तो वाचला, माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि इतर पासांबरोबर लोखंडी तारेत खुपसून ठेवला.